ओ

राईस मिलच्या भिंतीला लागून माझी खोली.
सिंदेवाहीत पत्ता असा सांगतात,
"तेथी इंटरनेटवाली बसते."
भंगारातून उचललेला कॉम्प्युटर,
त्याच्या पंख्यात तांदळाचा कोंडा,
आणि तालुक्यातली एकोणचाळीस उपकेंद्रं.
कोणतं जिवंत, कोणतं मेलं
हे मला फोन आल्यावर कळायचं,
तेही शिव्यांसकट.

विकतचं एक लावून पाहिलं होतं.
तीस दिवस गोड बोललं,
एकतिसाव्या दिवशी दार लावून घेतलं.
मग फुकटची धुंडाळायला बसले.
लांजेवार साहेब म्हणाले, "फुकटचं हाये, टिकन का ते?"
मी म्हटलं, साहेब, नुसतं फुकट नाही, उघडं आहे.
उघड्या विहिरीत वाकून पाहता येतं
पाणी किती, गाळ किती,
मेलेली घूस असली तर तीही.

चार रात्री गेल्या.
आई सुपात तांदूळ निवडायची, मी स्क्रीनवर.
एक फार जुनं, सगळं हातानं लिहून मागणारं,
तलाठ्यासारखं.
एक एवढं अवाढव्य की त्यालाच पोसायला दुसरी मशीन लागावी.
एकाचं नाव निवडुंग. खरंच, इंग्रजीत निवडुंगच.
नावातच निवड आहे म्हणून तेच घेणार होते.
आलेख सुरेख काढायचं,
पण रात्री उठवायचं नाही.
मला उठवणारं हवं होतं.
शेवटी घेतलं ते,
ज्याची पुस्तिका अर्धी वाचून अर्धी तरी कळली.

एक मोकळी जागा जास्त पडली
की अख्खा तालुका लाल.
दोन आठवडे मी नुसत्या मोकळ्या जागा शोधत होते.
पिंग म्हणजे हाक, हे मात्र लगेच समजलं.
दर मिनिटाला हाक मारायची,
ओ आली की पुढच्या गावाला.
मुरमाडी, ओ. कळमगाव, ओ.

पहिल्या वादळात फोन दोनशे सतरा वेळा थरथरला.
पडला होता टेकडीवरचा एकच टॉवर.
त्याच्यामागची सव्वीस गावं
एकेक करून माझ्या उशाशी येऊन रडत होती.
मी फोन पिठाच्या डब्यात कोंबला.

सकाळी मिलचा चौकीदार डोमाजी कुमरे हसला.
तीस वर्षं धानाची जागल केलेला माणूस.
"पोरी, पान हाललं का वाघ म्हनशीन,
तं वाघ येईन तवा कोन उठन?
एकदा आवाज आला, आयकाचा.
दुसऱ्यांदा आला, उठून बसाचा.
तिसऱ्यांदा टेंभा पेटवाचा."

मी तसंच लिहिलं. तीन हाका जाऊ दे.
आणि खाली: मायच गप्प असेल
तर लेकरांची नावं घेऊ नको.
दोन्ही गोष्टी पुस्तिकेत होत्या, चाळिसाव्या पानावर.
डोमाजी आधी भेटला.

मग राहिलं फक्त सरडपार.
कधी रात्री दोनला, कधी पहाटे चारला
अर्धा अर्धा तास मुकं.
केबल बदलली, राउटर बदलला,
माकडांवर आळ घेतला.
शेवटी मोपेडवर गेले.
सिस्टर नैताम ओशाळून म्हणाल्या,
"लाइन गेली की इन्व्हर्टरवर एकच बोर्ड चालतो, मॅडम.
बाळंतपण असलं तर तुमचा डबा काढते
आणि बाळाचा दिवा लावते."

आता अडीचला तिथून ओ येत नाही
तेव्हा मी तिसऱ्या हाकेपर्यंत जागी राहते,
'पोचलं' दाबते, कूस बदलते.
सकाळी सिस्टरना विचारून
कारणाच्या रकान्यात लिहिते: मुलगी, अडीच किलो.
मुलगा. मुलगी. एकदा नुसतीच रेघ.

साहेबांनी अहवाल पाहिला, काही बोलले नाहीत.
दुसऱ्या बोर्डाचा कागद
अजून चंद्रपुरात आहे.